दाराशी कोण?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोन करणार होतो, पण परवा जे झालं त्यानंतर लिहितोच. तुलाही लिहिलेलं बरं पडतं, समोरचा मध्येच बोलत नाही. ऋतुजा महिनाअखेरीस जागा सोडतेय हे तू सांगितलंस, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. दुसरी मुलगी शोधणार नाही, एकटीच राहणार, हेही ठीक. मी इतकंच विचारलं की रात्री-बेरात्री बरं वाटेनासं झालं तर फोन कोणाला करशील. तू म्हणालीस, "रुग्णवाहिकेला." उत्तर बिनचूक होतं. तरी माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. आई म्हणते, प्रश्न नीट विचारला असतात तर नीट उत्तर आलं असतं. तर नीट विचारतो : रुग्णवाहिका येईपर्यंत तुझ्या दाराशी कोण असेल?

तू एकतीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पगारावर राहतेस, कराचं विवरणपत्र स्वतः भरतेस आणि माझंही भरून देतेस. नंदूकाकाला ते अजून जमत नाही. हे मी मुद्दाम आधी लिहितोय, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मी तुला लहान समजतो. तसं नाही. मला अपेंडिक्स आठवतं, इतकंच.

तू अकरा वर्षांची होतीस. सकाळी म्हणालीस, "पोटात वेगळं वाटतंय," आणि दप्तर घेऊन शाळेला निघालीस. रडणं नाही, कण्हणं नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? तू उलट विचारलंस, "दहा म्हणजे नक्की किती, ते कोणी ठरवलंय?" डॉक्टर हसले, मीही हसलो. मध्यरात्री तुझं ऑपरेशन झालं. नंतर दादा आठवडाभर तुझ्या खाटेशी बसून तुला एक ते दहाचा तक्ता करून देत होता, चित्रांसकट. दहाला त्याने काय काढलं होतं ते तुला आठवत असेलच, मी इथे लिहीत नाही.

ऑटिझमचं निदान झाल्यावर तूच मला समजावलंस की भूक, तहान, दुखणं हे आतले निरोप बऱ्याच ऑटिस्टिक माणसांपर्यंत उशिरा पोचतात, किंवा एकदम सगळे मिळून पोचतात. इंटरोसेप्शन. शब्द पाठ केलाय मी. म्हणजे तुझ्या हुशारीबद्दल मला शंका नाही. मला भीती आहे ती ही की रुग्णवाहिकेला फोन करायची वेळ झाली हेच तुला कळणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला तरी तुझा चेहरा बघून ते कळायला हवं.

म्हणून थोडं व्यवहाराचं. पाण्याचा आणि जेवणाचा गजर बंद करू नकोस, कितीही चिडचिड झाली तरी. थर्मामीटर स्वयंपाकघरात ठेव, कपाटात नको. कपाटातली वस्तू तुझ्यासाठी नसल्यासारखीच. एका पानावर लिहून ठेव : ऑटिस्टिक आहे, दुखणं आकड्यात सांगता येत नाही, 'काल जमत होतं आणि आज जमत नाही असं काय' हे विचारा, घाई झाली की बोलणं बंद होतं पण लिहिता येतं, दिवा मंद करता आला तर करा. दवाखान्यात नुसतं ते पान पुढे करायचं. फोन कुलूपबंद असतानाही दिसेल अशी वैद्यकीय माहिती भरायची सोय असते, ती भर. जादा किल्ली इमारतीतल्या एका माणसाकडे दे. आणि शेजाऱ्यांशी निदान

थांबतो. हे पुन्हा सुरू झालं. आई शेजारून म्हणतेय की हा कागद आहे, फळा नव्हे. माफ कर. किल्लीचं तेवढं बघ.

खरं तर मला मैत्रीबद्दल लिहायचं होतं. तू म्हणतेस, "मला जमत नाही हे मान्य करा आणि विषय संपवा." कसं मान्य करू? तुझी आणि तन्वीची मैत्री मी पाहिलीये. त्या सुट्टीत ती रोज दुपारी यायची, तुम्ही दोघी जिन्यात दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसून वाचायच्या, आणि तास न् तास एक शब्द नाही. आम्हाला वाटलं भांडण झालंय. आईने विचारलंसुद्धा. तन्वी म्हणाली, "नाही काकू, आम्ही खेळतोय." तिच्या वडिलांची बदली झाल्यावरही तू त्याच पायरीवर बसायचीस, वरची तिची पायरी मोकळी ठेवून. कोणी तिथे पाय ठेवला की ओरडायचीस. लोकांना तो हट्ट वाटायचा. मला तेव्हा काय वाटायचं ते सांगत नाही.

मुद्दा काय होता? हां. तू मैत्री शोधतेस ती गप्पांमधून, कारण सगळे तशीच करतात असं तुला वाटतं. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर तासभर हसायचं, कोणाच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं ते मनात मोजायचं, आणि घरी येऊन अंधारात पडून राहायचं. त्या मास्किंगने, म्हणजे इतरांसारखं दिसण्याच्या सोंगाने, तू तीन वर्षांपूर्वी पार संपली होतीस. नोकरी टिकली, पण महिनाभर तुझ्या तोंडून धड वाक्य निघत नव्हतं. तसं परत नको. त्या टेबलावर बसली नाहीस तरी चालेल.

तुला आकडे आवडतात, म्हणून एक सापडलेला देतो, तपासून बघशीलच. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाचा २०१८चा अभ्यास आहे. ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, जवळच्या मैत्रीला २००च्या वर. आणि नुसते कामाचे तास त्यात फारसे जमा होत नाहीत. म्हणजे आठवड्याला दोन तास धरले तर पहिल्या पायरीला सहा महिने आणि वरच्या पायरीला जवळजवळ दोन वर्षं. तू चार भेटींनंतर "काही झालं नाही" म्हणून सोडतेस. आठ तासांत कोणाचंच काही होत नाही गं.

दुसरं म्हणजे, समोरच्याचं मन तुला वाचता येत नाही हे तू दोष कबूल केल्यासारखं म्हणतेस, ते मला ऐकवत नाही. डेमियन मिल्टन हा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिस्टिक. त्याने २०१२मध्ये मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं. तुला त्यांचं कळत नाही आणि त्यांनाही तुझं कळत नाही, फक्त त्यांची संख्या जास्त म्हणून नापास तू ठरतेस. पुढे २०२०मध्ये एडिंबरामध्ये काही संशोधकांनी कानगोष्टींचा खेळ लावून पाहिला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीत. म्हणजे बोलता येतं, पोचतंही. हे वाचून मी उठून आईला दाखवायला गेलो. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

पण आपल्यासारखीच माणसं भेटली म्हणून सगळी चांगलीच असतील असंही समजू नकोस. मागच्या त्या 'मैत्रिणी'ने तुझ्याकडून पैसे नेले ते गोड बोलूनच, आणि "खरी मैत्रीण असशील तर" हे वाक्य तीनदा वापरून. तुला शब्दाचा अर्थ शब्दच वाटतो, हे तिने बरोबर हेरलं होतं. पैसे, किल्ली, सही, पासवर्ड यांतलं काहीही कोणी मागितलं तर एकच वाक्य : "मी उद्या सांगते." चांगला माणूस उद्यापर्यंत थांबतो. जो थांबत नाही, त्याच्याबद्दल विचार करायचं कामच उरत नाही. आणि कोणी "भेटू या कधीतरी" म्हणालं तर वार आणि वेळ सुचव. दोनदा सुचवूनही तिकडून काही आलं नाही तर सोडून दे. तुझं काही चुकलं का, हे रात्रभर शोधत बसू नकोस.

परत उपदेश. पण हा राहू दे, कापत नाही.

लिओ कॅनर या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञाने १९४३मध्ये ऑटिझमवरच्या लेखात ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यातलं पहिलं मूल डोनाल्ड ट्रिपलेट. तुला तो माहीत असेल, मला अलीकडेच कळला. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात तो वाढला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला. ओळखीच्या माणसांना तो नंबर द्यायचा आणि ते नंबर विसरायचा नाही. आईवडील गेल्यावर त्याच घरात राहिला आणि २०२३मध्ये ८९ वर्षांचा होऊन गेला. बँक घरचीच होती, पैसा होता, गाव लहान होतं, हे मला कळतं. प्रत्येकाला ते मिळत नाही. पण मी वाचताना बँकेवर अडकलो नाही. गावातल्या लोकांना तो माहीत होता, यावर अडकलो. एक दिवस तो दिसला नसता तर कोणीतरी बघायला गेलं असतं.

मला तुझ्यासाठी गाव नको. एक माणूस हवा.

आणि आता जे लिहितोय ते तू कदाचित मान्य करणार नाहीस. तो माणूस तुला आधीच मिळालाय असं मला वाटतं. रविवारी पहाटे पक्षी बघायला जाता, त्यातल्या त्या देशमुखबाई. तू त्यांना मैत्रीण म्हणत नाहीस कारण त्या साठीच्या आहेत आणि तुम्ही "काहीच बोलत नाही". अगं, तिथे बोललं तर पक्षी उडतात, कोणीच बोलत नाही! नोंदवही तू ठेवतेस, आवाजावरून पक्षी तू सांगतेस, आणि बाई तुलाच विचारतात, दुसऱ्या कोणाला नाही. मागच्या पावसाळ्यात तू दोन रविवार गेली नाहीस तेव्हा त्यांनी मेसेज केला होता, "नोंदवही रिकामी आहे." तू मला तो तक्रार म्हणून वाचून दाखवलास. ती तक्रार नव्हती, मुक्ता. त्या विचारत होत्या, कुठे आहेस.

तास मोजून बघ. वर्ष-दीड वर्षाचे रविवार, प्रत्येकी तीन तास. माझ्या हिशेबाने तू दोनशेच्या आसपास आहेस.

किल्ली त्यांच्याकडे ठेवता येईल का? त्या दोनच गल्ल्या पलीकडे राहतात असं तू म्हणाली होतीस. विचारायचं कसं ते सुचत नसेल तर सरळ लिही : मी आता एकटी राहणार आहे, आजारी पडले तर मला ते उशिरा कळतं, जादा किल्ली तुमच्याकडे ठेवली तर चालेल का, नाही म्हणालात तरी रविवारी येईनच. शेवटचा भाग गाळू नकोस, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला सोपं जाईल, आणि हो म्हणायलाही. रोज रात्री दहाच्या आत त्यांना किंवा मला एक खूण पाठवायची, पक्ष्याचं चित्र चालेल. साडेदहापर्यंत आली नाही तर आम्ही फोन करू, फोन उचलला नाहीस तर त्या दार उघडतील. रुग्णवाहिकेचा नंबरही राहू दे, तुझं म्हणणं चूक नव्हतंच.

आम्ही इथून निघून तुझ्यापर्यंत पोचायला रात्र जाते. पूर्वी मी ती रात्र गाडी चालवू शकत होतो. आता डोळ्यांमुळे आई मला अंधार पडल्यावर चालवू देत नाही, आणि तिचं बरोबर आहे. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

या पत्राला उत्तर हवंय, पण लगेच नको. रविवारनंतर चालेल. फक्त दोन गोष्टी लिही : बाईंना विचारलंस का, आणि त्या काय म्हणाल्या. विचारलं नसशील तर 'नाही' एवढंच लिही, कारण देऊ नकोस. बुधवारपर्यंत काही आलं नाही तर मी फोन करणार नाही, मेसेज करीन.

तुझा,
बाबा