बाळाच्या नियमित तपासणीतील आईच्या मनःस्थितीच्या चाचणीची (बिलातील कोड ९६१६१) रक्कम आमच्यावर लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार व अपील विभाग,
आरोग्य विमा कंपनी

महोदय/महोदया,

आपल्या पत्रांवर मोफत भाषांतराची सोय छापलेली असते, म्हणून मराठीत लिहीत आहे.

मुलीच्या चार महिन्यांच्या तपासणीचा ईओबी, म्हणजे कंपनीने किती भरले आणि आमच्याकडे किती राहिले याचा आपला हिशेब, मिळाला. मुख्य कोड ९९३९१, म्हणजे त्याच डॉक्टरांकडे आधीपासून येणाऱ्या, वर्षाच्या आतल्या बाळाची नियमित तपासणी; तो पूर्ण मंजूर. लशींची यादी लांबलचक आहे, पण ती कळते: पाच घटकांच्या एकाच लशीला ९०४६० एकदा आणि ९०४६१ चारदा लागतो. तेही मंजूर. ९६१६१ मात्र डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विमा लागू होण्याआधी आम्ही स्वतः भरायच्या रकमेत, टाकून ती रक्कम आमच्या नावावर दाखवली आहे.

हा कोड कशाचा ते सांगते. मुलीचे वजन झाल्यावर नर्सने मला एडिनबरो प्रश्नावली दिली; बाळंतपणानंतर आईला नैराश्य आले आहे का, हे तिने बघतात. गेल्या सात दिवसांत मन कसे होते, यावर दहा प्रश्न. शेवटचा, स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटली का, असा. मुलीला मांडीवर घेऊनच मी खुणा केल्या. आमच्याकडे बाळंतिणीचा शेक, मालीश, डिंकाचे लाडू सगळे बघतात, मनाचे कोणी विचारत नाही. इथे अमेरिकेत विचारले, याचे मला फार मोल वाटते. आई खचली तर बाळाचेही हाल होतात, म्हणूनच बालरोगतज्ज्ञ हे विचारतात.

आपल्या ग्राहक कक्षाचे म्हणणे, चाचणी आईची असल्याने बाळाच्या तपासणीत धरता येत नाही. पण २०१७ पासून लागू असलेल्या या कोडची व्याख्याच रुग्णाच्या हितासाठी त्याचा सांभाळ करणाऱ्याची चाचणी अशी आहे. रुग्णाची स्वतःची असती तर ९६१६० लागला असता. निदानाचा कोडही झेड००.१२९, नियमित तपासणीचाच आहे.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या ‘ब्राइट फ्युचर्स’ वेळापत्रकात ही चाचणी बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या भेटीत सांगितली आहे. २०१० च्या अफोर्डेबल केअर अॅक्टनुसार त्यातल्या सेवांवर डिडक्टिबल किंवा कोपे (दर भेटीला रुग्णाने भरायची ठरावीक रक्कम) लावता येत नाही. आमचे डॉक्टर आपल्याच नेटवर्कमधले आहेत आणि पॉलिसीही त्या कायद्यानंतरची आहे.

हा क्लेम पुन्हा तपासून आमच्याकडील रक्कम शून्य करावी व नवा ईओबी पाठवावा. सहाव्या महिन्याची तपासणी तोंडावर आली आहे, तेव्हा आपल्या यंत्रणेतला नियमही दुरुस्त करावा. पैसे पडतात म्हणून एखादी खचलेली आई तो कागद कोराच परत देईल, ही भीती मला खरोखर वाटते.

हे पत्र अपील समजून ६० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नकार असेल तर कोणत्या नियमाने, ते लिहावे. त्यानंतर मी बाह्य पुनरावलोकन, म्हणजे कंपनीबाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून फेरतपासणी, मागणार आहे.

आपली,
विमाधारक बाळाची आई

सोबत: ईओबी आणि दवाखान्याच्या बिलाची प्रत