सूचना : चॉकलेट कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका

सर्व श्वानपालक सभासदांनो,

दिवाळीत घरोघरी चॉकलेटचे डबे येतात. ते टीपॉयवर नको, वरच्या कपाटात ठेवा. कोकोतलं थिओब्रोमिन हे कुत्र्यांना विषारी असलेलं द्रव्य त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. डार्क चॉकलेट आणि केकची कोको पावडर सगळ्यात घातक. गेल्या वर्षी आमच्या लॅब्रॅडॉरने अर्धा डबा कागदासकट फस्त केला. संध्याकाळी उलट्या, रात्री पाय थरथरायला लागले, छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येईनात. डॉक्टर वेळेत मिळाले म्हणून वाचला.

त्रास ६ ते १२ तासांनीही सुरू होतो, तेव्हा खाल्ल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करा. चॉकलेटचा कागद जपून ठेवा, कुत्र्याचं वजन सांगा. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी मुळीच पाजू नका. आणि मुलांना बजावा, गेटवरच्या भटक्या कुत्र्यांनाही लाडाने तुकडा द्यायचा नाही.