रामन परिणाम : मधली सात वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास जे लेख छापून येतात, त्यांत ‘समुद्र निळा का?’ या प्रश्नावरून थेट 1928 च्या शोधावर, म्हणजे पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो या रामन परिणामावर, उडी मारलेली असते. मधल्या सात वर्षांत कोलकात्याच्या प्रयोगशाळेत नेमके काय मोजले जात होते, याचा उल्लेखच नसतो.

सप्टेंबर 1921 मध्ये युरोपहून परतताना रामन यांनी जहाजावरून निकोल लोलकातून समुद्र न्याहाळला. पाण्याच्या पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत दोलन पावतात; निकोल लोलक अशा दिशेनुसार प्रकाश अडवतो किंवा जाऊ देतो. लोलक फिरवून तो अडवल्यावरही समुद्र निळाच दिसला, तेव्हा हा रंग केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे स्पष्ट झाले. (पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, याचाही या रंगात मोठा वाटा आहे, ते मात्र आपल्या लेखांत क्वचितच येते.)

हा लोलक ज्या कॅल्साइटचा करतात, ते विषमदिक्, म्हणजे दिशेनुसार वेगळे वागणारे स्फटिक. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांतही ते सापडते, आणि त्याचा स्वच्छ तुकडा छापील कागदावर ठेवला की प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. त्यात शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण होतात. त्यांचे अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) 1.658 आणि 1.486 इतके भिन्न असल्यामुळे लोलकाच्या मधल्या डिंकाच्या थरावर एक किरण बाजूला फेकला जातो आणि दुसरा, पूर्ण ध्रुवित, पलीकडे जातो.

पुढे याच लोलकाने रेणूंचा विषमदिक्पणा मोजला गेला. रेणू सर्व दिशांनी सारखाच असता, तर त्याने काटकोनात विखुरलेला प्रकाश पूर्ण ध्रुवित असता. आरगॉन वायूत जवळजवळ तसेच आढळते. पण नायट्रोजनचा रेणू लांबट आहे, आणि प्रकाशलहरीच्या विद्युतक्षेत्रामुळे त्यातील इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने जितके सहज सरकतात तितके आडवे सरकत नाहीत. त्यामुळे रेणूतील दोलन क्षेत्राला नेमके समांतर राहत नाही आणि लोलक कसाही फिरवला तरी थोडा प्रकाश उरतोच. कार्बन डायऑक्साइडमध्ये तो अधिक, तर बेन्झीनच्या चपट्या रेणूंच्या द्रवात फारच अधिक असतो.

प्रकीर्णनाची, म्हणजे प्रकाश विखुरण्याची, अशी मोजमापे चालू असतानाच 1923 मध्ये रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना पाण्यात बदललेल्या रंगाचा क्षीण प्रकाश आढळला. ती अशुद्धीमुळे आलेली प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून पदार्थाने पुन्हा सोडलेला वेगळ्या रंगाचा प्रकाश) असावी असे आधी वाटले, पण पाणी पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो जाईना. रामन यांचे दुसरे सहकारी के. एस. कृष्णन यांनाही इतर द्रवांत तो दिसला. पुढे हा प्रकाश ठळकपणे ध्रुवित असल्याचे लक्षात आले, तेव्हा नेहमीच्या प्रतिदीप्तीचे स्पष्टीकरण टिकेना आणि 1928 च्या शोधाची वाट मोकळी झाली. चिकाटीचा हा भाग मुलांपर्यंत पोहोचत नाही, याची मला खंत वाटते.

पुढील विज्ञान दिनी आपण एक लहानसा प्रयोग चौकटीत छापावा, ही विनंती. ग्लासभर पाणी, दुधाचे दोन-तीन थेंब, बाजूने टाकलेला टॉर्चचा झोत आणि पोलरॉइड गॉगलची काच एवढे साहित्य पुरते. झोताला काटकोनात उभे राहून काच हळूहळू फिरवली की उजेड मंदावतो आणि पुन्हा वाढतो. वर्गात मी हा प्रयोग अनेक वर्षे करून घेतला आहे. काच कितीही फिरवली तरी उजेड पुरता का विझत नाही, असे विचारणारा एखादा विद्यार्थी हमखास निघतो.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा