तोंडी परीक्षेत मुलांना खरंच बोलू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गाला ‘आमच्या घरचं काम’ हा विषय बोलायला दिला होता. एक मुलगी उभी राहिली. ‘धिस इज ओनियन. ओनियन इज रेड. माय फादर इज फार्मर.’ एवढं म्हणून खाली बसली.

तिला म्हटलं, आता मराठीत सांग. मग ती थांबेचना. अवकाळी आला, काढलेला कांदा शेतातच भिजला, भिजलेला कांदा चाळीत भरला तर सडतो, म्हणून वडिलांनी मिळेल त्या भावाला देऊन टाकला. कशामुळे काय झालं, सगळं जागच्या जागी होतं. इंग्रजीत अडत होतं ते ‘बिकॉज’, ‘इफ’ आणि ‘सो’ पाशी. ते तीन शब्द आणि ‘रॉट’, ‘सेल’ एवढं फळ्यावर लिहिलं. मग तीच हकीकत तिने तीन मैत्रिणींना सांगितली, पहिलीला चार मिनिटांत, दुसरीला तीन, तिसरीला दोन. ही पद्धत इंग्रजीच्या शिक्षकांमध्ये १९८० च्या दशकापासून माहीत आहे, खर्च शून्य. तिसऱ्या खेपेला व्याकरणाच्या चुका होत्याच, पण ऐकणारीला कांदा का विकला ते कळलं!

साहेब, राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. तरी मुलं सुटी वाक्यं बोलतात, कारण आम्ही त्यांच्याकडून सुटी उत्तरंच मागतो. तोंडी परीक्षेचं तेच. २०१९ च्या दहावीला भाषांचे तोंडीचे २० गुण काढले होते, निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. तेव्हा चर्चा झाली ती निकालाची. त्या २० गुणांसाठी मूल सलग काय बोलतं, हे कुणी विचारलं नाही. न ऐकताच भरलेले गुणतक्ते मी पाहिलेत, आणि त्याचा मला फार त्रास होतो.

गुण काढू नका, एवढंच आधी सांगते. पण पाठ केलेल्या ‘माय मदर’ऐवजी मुलाला त्याच्या ओळखीची एखादी गोष्ट दोन मिनिटं समजावून सांगायला लावा. ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून शाळेत जपून ठेवू द्या, म्हणजे ऐकल्याशिवाय गुण देता येणार नाहीत. गुण देताना सांगणं एकमेकाला जोडलेलं आहे का, हे उच्चाराच्या आधी बघायला सांगा. आणि आठवड्याची एक तासिका फक्त बोलण्याची असू द्या. पन्नास मुलांनी एकेक करून दोन मिनिटं बोलायचं तर शंभर मिनिटं लागतात, जोड्या केल्या तर पस्तीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर बोलणं येतं. वर्गात गलका होईल. तपासणीला येणाऱ्या साहेबांना तो गलका चालेल, असं आपल्या सहीचं एक परिपत्रक आम्हाला हवं आहे.

आपली विश्वासू,
इंग्रजीची एक शिक्षिका,
जि. नाशिक