घोड्यावर बसायचा पूर्ण खर्च आधी सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीत 41 वर्षांनी सुवर्णपदक मिळालं, तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती. सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला ही चार नावं तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. छेडा मुंबईचे, हे कळल्यावर तिने जो हट्ट धरला तो दीड वर्ष सोडला नाही. शेवटी गेल्या मे महिन्यात आम्ही तिचं नाव घोडेस्वारीच्या शिकवणीला घातलं. कुठे, ते सांगत नाही. चौकशी केली तेव्हा चार ठिकाणी थोडाफार हाच प्रकार दिसला, त्यामुळे एकालाच बोल लावण्यात अर्थ नाही.

फोनवर आकडा सांगितला होता 12,000 रुपये. 10 तासिका, प्रत्येकी पाऊण तास. मी एका खासगी कंपनीत हिशेब लिहिते. 12,000 म्हणजे दिवाळीच्या बोनसमधले बाजूला ठेवलेले पैसे, तेवढे जमत होते. प्रत्यक्ष गेल्यावर आधी प्रवेश शुल्क 3,500, परत न मिळणारं. विमा 1,500. हेल्मेट 4,200. बूट आणि पोटरीला बांधायचे चामडी पट्टे 3,800. स्वारीच्या दोन विजारी 3,600, हातमोजे 700. हेल्मेटबद्दल माझी तक्रार नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं आणि वापरलेलं विकत घेतलं तर ते आपटलंय की नाही हे बाहेरून कळत नाही, असं तिथल्या सरांनी सांगितलं, ते मला पटलं. पण हे सगळं फोनवर का सांगितलं नाही? पोर गणवेश घालून, केस बांधून शेजारी उभी असताना कुठली आई ‘राहू दे, घरी चल’ म्हणेल?

पुढे जून आला. मैदान भिजलं म्हणून त्यांनीच तीन तासिका रद्द केल्या. त्या पुढे ढकलून मिळतील असं आम्ही धरून चाललो होतो. पण 10 तासिका दोन महिन्यांत संपवायच्या, नाहीतर बुडाल्या, असा नियम पावतीच्या मागे बारीक अक्षरात इंग्रजीत छापलेला निघाला. सात वेळा पहाटे साडेपाचला परळहून टॅक्सी, जाऊन-येऊन 280 रुपये. माझ्या वहीत एकूण बेरीज आहे 31,260. प्रत्यक्ष झालेल्या सात तासिकांनी भागलं तर पाऊण तासाला जवळजवळ साडेचार हजार.

असं असूनही त्या सात सकाळी वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी तिला एका तांबूस घोडीवर बसवलं. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार साताऱ्याकडचे, वयस्कर. त्यांनी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून बांधायचा पट्टा, आवळला, तिला वर चढवलं, घोडीला चार पावलं चालवलं आणि थांबवून तंग पुन्हा दोन भोकं ओढला. मी घाबरून विचारलं, सैल राहिला होता का? म्हणाले, “नाही ताई, खोगीर चढताना ही पोट फुगवते. चार पावलं चालली की श्वास सोडते. मग आवळायचा.” तिसऱ्या तासिकेपासून माझी मुलगी रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाय घालण्याआधी तंगाखाली स्वतः दोन बोटं घालून बघायला लागली. दुडकी चाल तिला पाचव्या दिवशी जमली. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती टॅक्सीत एक शब्द बोलली नाही, नुसती माझा हात धरून बसली होती.

घोडा पाळणं स्वस्त नाही, हे मला कळतं. साडेचारशे किलोच्या जनावराला चारा आणि चंदी, म्हणजे दाणा, मिळून रोज नऊ-दहा किलो लागतं, ते शिकवणी असो वा नसो. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद येतो. शिवाय मोतद्दाराचा पगार, औषधपाणी. म्हणून फी कमी करा असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं, नवख्या माणसाला सगळा आकडा पहिल्या फोनलाच सांगा.

माझे धाकटे दीर इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये नोकरीला असतात. तिथे गेल्यावर घोड्यावर बसायला शिकले. तिकडे 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद झाली. आता आधी टाकून ठेवलेल्या वासाच्या मागावर कुत्रे सोडतात आणि स्वार त्यांच्यामागून जातात. गेल्या हिवाळ्यात भाऊजींना एका दिवसापुरतं यायचं आमंत्रण होतं. नवख्याकडून त्या दिवसाचे पैसे घेतात, त्याला ‘कॅप’ म्हणतात. ते किती, भाड्याच्या घोड्याचे किती, हेल्मेट कसं हवं, कोट मागून आणलेला चालेल का, हे सगळं त्यांना एका निरोपात आधीच कळवलं होतं. भाऊजींनी बेरीज केली, परवडत नाही म्हणून नम्रपणे नकार कळवला. खर्च तिकडेही भारीच, पण कुणी त्यांना दारात उभं करून खिसा चाचपायला लावला नाही. आपल्याकडे घोडेस्वारी शिकवणाऱ्यांनी एक कागद मराठीत छापावा, त्यात फी, सामान, विमा, पावसाचा नियम सगळं असावं. विजारी आणि बूट पहिल्या महिन्यात भाड्याने द्यावेत. वाढत्या वयाची मुलं वर्षभरात दोन नंबर पुढे जातात.

दुसरी विनंती महापालिकेला. 1883 पासूनच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेपैकी 120 एकर 2024 मध्ये सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आली. मुंबईत घोडे जिथे पिढ्यान्‌पिढ्या धावले, त्याच जागेवर कुंपण घातलेलं एक छोटं रिंगण आणि आठ-दहा शांत घोडे ठेवता येणार नाहीत का? दादरला महापालिकेचा तलाव आहे म्हणून आमच्या चाळीतली मुलं पोहायला शिकली, मीही शिकले. क्लबात जाऊन शिकण्याची ऐपत आमच्यात कुणाचीच नव्हती. उद्यानाचे आराखडे ठरवताना नागरिकांना विचारणार असाल तर हे माझं म्हणणं नोंदवून घ्यावं.

जुलैत दुसऱ्या 10 तासिकांचे पैसे भरायची वेळ आली, तेव्हा मीच मुलीला थांबवलं. ती रडली नाही, त्यामुळे मलाच जास्त वाईट वाटलं. तिचं हेल्मेट अजून कपाटावर आहे. बूट मात्र आता तिला होत नाहीत. जेमतेम सात वेळा घातलेले आहेत, चार नंबरचे, तेलपाणी करून ठेवलेत. शिकायला निघालेल्या एखाद्या मुलीला हवे असतील तर तिच्या पालकांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी आणून देईन. पैसे नकोत.

आपली,
एक पालक, परळ, मुंबई