चि. अनुपला, मतदानापूर्वी

मिरज,
14 ऑक्टोबर 2024

चि. अनुप यास,

प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

रविवारचे आपले बोलणे अर्धवट तुटले आणि त्यानंतर तुझा फोन आला नाही, म्हणून लिहिते आहे. तुमच्या मंडळीने निवडणुकीसाठी जो गट केला आहे त्यात तू घरोघरी पत्रके घेऊन जातोस, आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर गर्भपाताच्या प्रश्नावर सर्वांपुढे साक्ष देणार आहेस, हे तू उत्साहाने सांगत होतास. मी मध्येच स्नेहलला कितवा आठवडा लागला असे विचारले आणि तुला राग आला. मी विषय बदलला असे तुला वाटले, पण माझ्या मनात ते दोन वेगळे विषय नाहीत. तरीही या पत्रात तुझ्या मताविषयी लिहायचे आणि स्नेहलच्या प्रकृतीचे फक्त शेवटी विचारायचे, असे मी पप्पांना कबूल केले आहे.

आधी हे सांगते, की मला तुझा अभिमान वाटतो. राहुरीहून कापूस शिकून तू टेक्सासमधल्या लबकच्या कापसाच्या मुलखात गेलास, तिथे नाव कमावलेस, या वर्षी तिथला नागरिक झालास आणि आता आयुष्यातले पहिले अमेरिकन मत देणार आहेस. आपण इथे मूठभर माणसे. आपली मते मोजायला कोणता उमेदवार आपल्या चर्चच्या दारात आला, ते मला तरी आठवत नाही. तुझे आजोबा नाताळच्या सभेत चार वाक्ये बोलायचे तरी आठवडाभर आधी लिहून काढत. त्यांचा नातू परक्या देशात, परक्या भाषेत आपल्या विश्वासाविषयी उभा राहून बोलतो, हे त्यांना पाहायला मिळायला हवे होते.

‘आई, तू नक्की कुणाच्या बाजूची?’ असे तू विचारलेस. आईच्या उदरात देव आपल्याला घडवतो हे 139 वे स्तोत्र तुला मीच पाठ करून घेतले आहे आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. 2017 साली म्हैसाळला ओढ्याकाठी 19 भ्रूण पुरलेले सापडले, तेव्हा तू परदेशात होतास. गर्भपात करताना दगावलेल्या एका बाईच्या मृत्यूचा तपास करताना पोलिसांना ते मिळाले. आपल्या मिरजेच्या शेजारचे गाव ते. मुलगी नको म्हणून पोट पाडण्याच्या या पापाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, 1994 मध्ये तो सगळ्या देशासाठी झाला, आणि तरी आपल्या दारात हे घडले. त्यानंतर कितीतरी दिवस मला प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. त्यामुळे गर्भपाताला विरोध करणारी माणसे बायकांची वैरी असतात असे मला कुणी सांगितले, तर मी ते ऐकून घेणार नाही.

पण मी नर्स म्हणून उभी राहिले ती गर्भपाताला मुभा देणाऱ्या 1971 च्या कायद्याच्या आधी. मिशन हॉस्पिटलात मी शिकत होते तेव्हा जतकडच्या, अथणीकडच्या बाया पोट पाडायला काडी घालून घेऊन, तापाने फणफणलेल्या अशा बैलगाडीतून, एसटीतून आणल्या जात. बहुतेकजणी चार-पाच लेकरांच्या आया असत. रक्तात विष भिनले की अंगाला एक वास येतो, तो मला अजून ओळखता येतो. त्यांच्यातली एक माझ्या वयाची होती. तिने रात्रभर माझा हात धरून ठेवला होता आणि पहाटे मला तो सोडवून घ्यावा लागला. अशा मृत्यूंचाही विचार करून शांतिलाल शहांच्या समितीने शिफारस केली आणि त्यातून तो कायदा झाला. आपल्या मंडळीत त्याला विरोध होता, तुझ्या आजीचाही होता. मी तेव्हा काही बोलले नाही. वॉर्डातल्या खाटा रिकाम्या होत गेल्या एवढे मात्र मी पाहिले. स्नेहलला मी हे कधी सांगितलेले नाही. गरोदर बाईला सांगायच्या गोष्टी नव्हेत या.

तू म्हणालास की ख्रिस्ती माणसाची या बाबतीत पहिल्यापासून एकच भूमिका आहे आणि म्हणून मतही एकाच, रिपब्लिकन पक्षाला जाऊ शकते. भूमिकेविषयी मी वाद घालत नाही, पण ‘पहिल्यापासून’ हे खरे नाही. कॅथोलिक बिशप आधीपासून विरोधात होते. तुमच्या सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे तसे नव्हते. 1971 मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात याच पंथाने ठराव केला होता, की बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, किंवा आईच्या शारीरिक, मानसिक आणि भावनिक आरोग्याला धोका असेल, तर गर्भपाताची मुभा देणाऱ्या कायद्यासाठी सभासदांनी प्रयत्न करावेत. 1973 मध्ये अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो खटल्याचा निकाल लागला तेव्हा तुमच्याच टेक्सासमधल्या डॅलसच्या मोठ्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक डब्ल्यू. ए. क्रिसवेल यांनी त्याविषयी समाधान व्यक्त केले होते. पुढे त्यांनी मत बदलले. 1979 मध्ये पाळक जेरी फॉलवेल यांनी मॉरल मेजॉरिटी ही ख्रिस्ती मतदारांची राजकीय संघटना उभी केली. 1980 च्या ऑगस्टमध्ये डॅलसला हजारो पाळक आणि विश्वासणारे जमले असताना रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार रीगन यांनी त्यांना सांगितले, की तुम्ही मला जाहीर पाठिंबा देऊ शकत नाही, पण मी तुम्हाला देतो. याच रीगन यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना 1967 मध्ये गर्भपाताची मुभा वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली होती. आणि त्यांच्यासमोर हरले ते तेव्हाचे अध्यक्ष कार्टर, आयुष्यभर संडे स्कूल शिकवणारे बॅप्टिस्ट.

माणसे मन बदलतात. क्रिसवेल यांनी बदलले ते प्रामाणिकपणे बदलले असेल, आणि तुम्ही तरुण लोक गर्भातल्या जिवासाठी रडता ते अश्रू खरे आहेत, याविषयी मला शंका नाही. मला भीती वाटते ती त्या अश्रूंवर मते मागणाऱ्यांची. यंदाच्या जुलैमध्ये त्याच रिपब्लिकन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यातून गर्भपातावरच्या देशव्यापी बंदीची मागणी काढून टाकली, कारण कॅन्सससारख्या राज्यातसुद्धा 2022 मध्ये थेट मतदानात 59 टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क राखला. त्या मतदारांतही रविवारी चर्चला जाणारे असणारच. जी गोष्ट तुमच्या पाळकांनी व्यासपीठावरून देवाची आज्ञा म्हणून सांगितली, ती पक्षाने मते जातील म्हणून बाजूला ठेवली. आणि तू अजून त्याच पक्षाची पत्रके वाटतो आहेस. उन्हात फिरताना टोपी तरी घालतोस का?

तू म्हणालास, टेक्सासच्या गर्भपातबंदीच्या कायद्यात आईचा जीव वाचवण्यासाठी सूट आहे. आहे, मी वाचले आहे. पण त्याच कायद्यात डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, किमान एक लाख डॉलर दंड आहे, परवाना जाण्याची तरतूद आहे. मी आयुष्यभर डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिले आहे. रात्री दोन वाजता, बाळाचा ठोका चालू आहे, पाणमोट फुटली आहे आणि आईला अजून ताप आलेला नाही, अशा वेळी जो डॉक्टर आधी वकिलाला फोन लावतो, तो वाईट माणूस नसतो. तो घाबरलेला असतो. ऑस्टिनच्या अमांडा झुरॉस्की यांची पाणमोट अठराव्या आठवड्यात फुटली. बाळ वाचणार नाही हे सर्वांना माहीत होते, तरी ठोका थांबेपर्यंत किंवा आई पुरेशी आजारी होईपर्यंत काही करता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले, आणि मग रक्तात संसर्ग पसरून त्या अतिदक्षता विभागात गेल्या. त्यांचा दावा टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने यंदा 31 मे रोजी एकमताने फेटाळला.

अनुप, स्नेहलला अठरावा आठवडा आहे. हे लिहायचे नाही असे ठरवले होते.

आणि बेळगावची सविता हलप्पनवार. तू विसरला नसशील. 2012 मध्ये आपल्या घरात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. शिकलेली दंतवैद्य, 31 वर्षांची, सतरावा आठवडा, आयर्लंडमधल्या गॉलवेचे मोठे रुग्णालय, आणि तिथेही बाळाचा ठोका चालू होता म्हणून डॉक्टर थांबले, आणि ती रक्तातल्या संसर्गाने गेली. हा कॅथोलिक देश आहे, असे एका सुईणीने तिला सांगितले होते, आणि चौकशीत त्या बाईने ते मान्य केले. आयर्लंडच्या लोकांनी 1983 मध्ये 66.9 टक्के मतांनी गर्भातल्या जिवाचा हक्क घटनेत घातला होता, आणि 2018 मध्ये 66.4 टक्के मतांनी त्यांनीच तो काढून टाकला. मतदानाआधी सविताच्या वडिलांनी बेळगावातून तिथल्या मतदारांना विनंती केली होती. त्या बापाचा चेहरा टीव्हीवर पाहिल्यापासून मी तो विसरलेले नाही. तुम्ही मत द्यायला जाल तेव्हा तो तुमच्याही डोळ्यांपुढे यावा, एवढे म्हणण्याचा मला हक्क आहे असे वाटते.

तुमच्या लबकचे मी विशेष वाचले. 2021 च्या मे महिन्यात शहराने सुमारे 62 टक्के मतांनी स्वतःला गर्भातल्या बाळांचे अभयस्थान जाहीर केले, आणि मागच्या वर्षी काउंटीने असा नियम केला की गर्भपातासाठी कुणाला तिथल्या रस्त्यावरून नेणाऱ्यावर कुणीही दावा लावू शकतो. त्या बाईवर नव्हे, नेणाऱ्यावर. गाडी चालवणारा तू असशील. तुमच्याकडे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही निवडून येतात, आणि नऊपैकी तिघांची नावे यंदा मतपत्रिकेवर आहेत, हे वाचून पप्पा चकित झाले. म्हणजे सिनेटसाठी क्रूझ आणि ऑलरेड यांच्यात कोण, एवढाच प्रश्न तुझ्यापुढे नाही. त्या तिघांच्या नावापुढे खूण करताना त्यांनी काय निकाल दिले ते वाचून घे. वाचूनही तुला तेच योग्य वाटले तर तसे कर, पण पत्रकावरच्या दोन ओळी पाहून करू नकोस.

पुन्हा मी भाषण देऊ लागले. चाळिशीच्या, डॉक्टरेट मिळवलेल्या मुलाला मत कसे द्यावे हे आईने शिकवू नये, असे पप्पा आताच म्हणाले, आणि त्यांचे खरे आहे. ते ज्ञानोदयचा जुना अंक उघडून बसले आहेत, पण पान उलटलेले दिसत नाही. मला क्षमा कर.

तुझी ही ओढ कुठून आली तेही मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी सोनोग्राफीच्या पडद्यावर तू ठोका पाहिलास, आणि पुढच्या तपासणीत तो थांबलेला पाहिलास. त्या बाळाला तू नाव ठेवले होतेस, हे स्नेहलने मला सांगितले. त्यानंतर तुम्हाला दोनदा घरी परत पाठवले होते आणि तिने दुसरी रात्र न्हाणीघरात काढली, हेही तिनेच सांगितले. तू सांगितले नाहीस. त्या दुःखातून तुला असे वाटले की असे प्रत्येक बाळ वाचवले पाहिजे, आणि मला असे वाटले की तिची ती रात्र पुन्हा येऊ नये. आपण दोघे त्याच एका बाळासाठी रडलो आहोत. म्हणून तुझ्या साक्षीत त्या बाळाविषयी बोलणार असशील तर आधी स्नेहलला विचार. ते जितके तुझे होते तितकेच तिचे होते, आणि तिला पहिल्या बाकावर बसून ते ऐकावे लागेल.

मत कुणाला दिलेस ते मला सांगू नकोस, मी विचारणारही नाही. पण 21 तारखेला आगाऊ मतदान सुरू होण्याआधी एक काम कर. तिच्या डॉक्टरांकडे तिच्यासोबत जा आणि सरळ विचार, की मुदतीआधी पाणमोट फुटली, रक्तस्राव झाला, ताप आला, तर ते काय करतील, कोणत्या क्षणी करतील, आणि निर्णय त्यांच्या हातात असेल की रुग्णालयाच्या वकिलाच्या. उत्तर लिहून घे. उत्तर गुळमुळीत आले तर सातव्या महिन्यापर्यंत तिला शैलाच्या जॉयकडे न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला, जिथे अशी बंदी नाही, ठेवता येईल का याचा विचार कर. पाच तासांचा रस्ता आहे आणि जॉयने हो म्हटले आहे. होय, मी तिला आधीच फोन केला. तिकिटाचे पैसे पप्पांनी बँकेतून काढून ठेवले आहेत. मी डिसेंबरऐवजी नोव्हेंबरमध्येही येऊ शकते, माझे गुडघे आता बरे आहेत.

स्नेहलला लोहाच्या गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांग, रिकाम्या पोटी तिला मळमळते. हे पत्र तिलाही वाचायला दे. डॉक्टर काय म्हणाले ते मला तिने नव्हे, तू कळव.

तुझी,
आई