पार्सलमधल्या तीन पुस्तकांबद्दल

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन पुस्तकं कुरियरने पाठवली आहेत, आठवड्याच्या आत ग्वाल्हेरला, लष्करमध्ये पोचतील. फोनवर पुस्तकांचं बोलणं सुरू होतं आणि दोन मिनिटांत औषधांवर येतं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे.

आधी उघडायचं ते विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’, १८५७ च्या बंडातल्या प्रवासाच्या आठवणी. बाबा, तुम्ही म्हणाल, हे तर वाचलंय. पण तुम्ही वाचलेली प्रत कुठली, ते आधी बघा. कपाटातल्या जुन्या प्रतीचं पहिलं पान उघडून संपादकाचं नाव वाचा. चिंतामण विनायक वैद्य असेल, तर तो १९०७ चा मजकूर. लेखकाच्या निधनानंतर वैद्यांनी तो छापला, पण छापताना भाषा नीटनेटकी केली, काही गाळलं, काही स्वतःचं घातलं. इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे त्यांची अडचण समजू शकते. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून जो पाठ काढला, तो गोडसे भटजींच्या खऱ्या बोलण्याच्या जवळ आहे. मी पाठवलेली प्रत त्या पाठाची. बाजारात संपादकाचं नावच न छापलेल्या स्वस्त प्रती मिळतात, त्यात बहुधा १९०७ चाच मजकूर असतो. पुस्तक एकच, पण दोन्ही वाचल्यावर मनात उभा राहणारा माणूस एक नाही. वैद्यांच्या पुस्तकातले भटजी सुशिक्षित इतिहासलेखकासारखे बोलतात. मूळ पाठातले भटजी दक्षिणेचा, जेवणाचा, सोवळ्याचा आणि जिवाच्या भीतीचा हिशेब एकाच दमात सांगतात. मला हे दुसरे भटजी जास्त मोलाचे वाटतात.

तुमच्या गावाचा तर या पुस्तकाशी थेट संबंध. गोडसे पेणजवळच्या वरसईचे, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळणार, ही बातमी कोकणात पोचली म्हणून ते काकांबरोबर १८५७ साली निघाले. महूच्या आसपास शिपायांकडून बंडाची बातमी कळली आणि यज्ञ राहिला बाजूला. पुढचं सगळं वाटेत सापडलेलं आहे, शोधायला गेलेलं नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

वाचताना एक गोष्ट सतत धरून ठेवा: भटजी त्या वेळी कुठे उभे होते? झाशीच्या वेढ्यात ते गावातच होते. इंग्रज फौज १८५८ च्या मार्चच्या उत्तरार्धात झाशीवर आली, ३ एप्रिलला तट चढून आत शिरली, ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निघाली. या दिवसांचं वर्णन डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लूट पाळीपाळीने कशी झाली, आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडालत्ता आणि धान्य, हे वाचताना अंगावर काटा येतो. झाशीचं ग्रंथालय उद्ध्वस्त झालं तो भाग सावकाश वाचा. पुस्तकांच्या नासधुशीबद्दल इतक्या कळवळ्याने लिहिणारा दुसरा साक्षीदार मला तरी माहीत नाही. राणी ग्वाल्हेरला पडली तेव्हा मात्र भटजी तिथे नव्हते. तो भाग ऐकीव. ऐकीव म्हणजे खोटा नव्हे, पण वजन वेगळं. बाबा, समासात पेन्सिलीने ‘पा’ आणि ‘ऐ’ लिहीत गेलात, म्हणजे पाहिलेलं आणि ऐकलेलं, तर वीस-पंचवीस पानांत आपोआप नजर बसेल.

दुसरी गडबड तारखांची होते. भटजींनी हे सगळं पंचवीसएक वर्षांनी आठवून लिहिलं, त्यामुळे दिवस पुढेमागे झालेले आहेत. शके दिसला की इसवी सन काढायला सरसकट ७८ मिळवू नका. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ला झाली. ७८ मिळवले तर १७६० येतं, आणि लढाई आहे १४ जानेवारी १७६१ ची. इतिहासाच्या गप्पांमध्ये एक वर्षाची चूक होते ती बहुतेक वेळा इथेच. शकेवरून विक्रम संवत हवा असेल तर १३५ मिळवा.

विहिरीचा प्रसंग माझ्या दृष्टीने या पुस्तकाचा प्राण आहे. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर भटजी एका विहिरीपाशी आहेत, आणि तहानेने व्याकूळ झालेली राणी तिथे येते. ते पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. मग स्वतः पोहरा विहिरीत सोडते. बास, एवढंच. लढाई नाही, तलवार नाही, घोषणा नाही. राज्य गेलेली बाई आणि तिच्या दारी दक्षिणा घेतलेला भिक्षुक, हातात दोरी. आई, हा भाग बाबांना मोठ्याने वाचायला सांग. राणीवर पुढे जे पोवाडे आणि कादंबऱ्या झाल्या त्यांतली राणी मला नेहमी घोड्यावरच दिसते. या पानावर ती जमिनीवर उभी आहे.

शेजारच्या भाईसाहेबांना वाचायचं असेल तर अमृतलाल नागरांनी हिंदीत केलेलं ‘आँखों देखा गदर’ सांगा. चिनूसाठी प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचं इंग्रजी भाषांतर आहे, ते मी बघते.

दुसरं पुस्तक नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’. ही कादंबरी आहे, १९९७ ची. मुद्दाम गोडसे भटजींच्या मागोमाग वाचायला पाठवली आहे. जुन्या वळणाची भाषा, ‘मी पाहिलं’ म्हणणारा निवेदक, तिथीवार हकिगती. वाचणाऱ्याला वाटावं की खरंच कुणाचं तरी दप्तर सापडलं. पण अंताजी इतिहासात नाही. भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर आहेत, बंगालचा नवाब अलिवर्दीखान आहे, इंग्रजांचा क्लाइव्ह आहे, नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आहेत, १७५७ ची प्लासीची लढाई आहे. खऱ्या माणसांच्या गर्दीत एक रचलेला माणूस सोडून दिला आहे. भाषा जुनी आहे म्हणून मजकूर खरा, ही आपली मोठी गैरसमजूत, आणि ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचली की ती सुटते.

बाबा, काही पानं तुम्हाला बोचतील. बंगालात आजही मूल निजवताना ‘बर्गी’ आल्याचं गाणं म्हणतात, आणि ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, बारगिराला ते सरकारातून मिळायचं. बंगालने तो शब्द उचलला आणि त्याचा अर्थ लुटारू झाला. आपण अटकेचं सांगतो, बंगालातल्या कटव्याचं सांगत नाही. लेखकाने ते सांगितलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पुस्तकातलं उणं एवढंच की अंताजीच्या तोंडून कधी कधी विसाव्या शतकातला विचारवंत बोलतो, आणि मधल्या भागात दरबारी नावांची इतकी दाटी होते की सूत्र सुटतं. एका पोस्टकार्डावर नावं आणि कोण कुणाच्या बाजूचा ते लिहून खूण म्हणून पुस्तकातच ठेवा. पन्नासाव्या पानापर्यंत दहा-बारा नावं होतील, तेवढी पुरतात.

तिसरं आईसाठी: विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९ चं. लहानसं आहे, चार दुपारी पुरतील. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस नावाचा मराठी माणूस आणि जर्मनीतून पळालेली ज्यू मुलगी हॅर्टा. ज्या काळात बहुतेक देश ज्यूंना दारातही उभे करत नव्हते, तेव्हा शांघायला व्हिसाशिवाय उतरता येत होतं, म्हणून ही माणसं तिकडे निघाली होती. एवढं आधी माहीत असलं की बोटीवरची घालमेल कळते. सुरुवातीची काही पानं चक्रधरचा कोरडेपणा नकोसा होतो. तिथे पुस्तक खाली ठेवू नकोस, तो कोरडेपणा पुढे कामाला येतो. शेवटी हॅर्टाची पत्रं आहेत. ती एका बैठकीत वाच, मध्ये उठू नकोस.

आता वाचण्याच्या सोयीचं. अंताजीचं अक्षर बारीक आहे, म्हणून सोबत भिंग पाठवलं आहे, अडीच पटीचं. पाच पटीचं मुद्दाम घेतलं नाही. त्यात एका वेळी दोनच शब्द मावतात आणि ओळ हरवते. भिंग आधी पानावर टेकवायचं, मग हळूहळू वर उचलायचं, अक्षर मोठं आणि स्वच्छ दिसलं की थांबायचं. कडेचे शब्द वाकडे दिसायला लागले तर थोडं खाली. वाचायचा चष्मा काढायचा नाही. दिवा डाव्या खांद्याच्या मागून, ९ वॉटचा एलईडी पुरतो. समोरून ठेवलात तर भिंगात त्याचाच गोळा दिसतो. झाशीची पानं आईला मोठी करून हवी असतील तर बाड्याच्या बाजारात एफोरची एथ्री झेरॉक्स काढा, १४१ टक्के होते, म्हणजे १० पॉइंटचं अक्षर १४ चं. त्यासाठी कपाटातली वैद्यांची प्रत वापरा, तिचा कॉपीराइट संपलेला आहे.

मोठ्याने वाचायचं तर मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे पंचवीस मिनिटांत दहाएक पानं. त्याहून जास्त नको, बाबांचा घसा बसतो आणि शेवटची पानं घाईत जातात.

पुस्तकं नवी आहेत, पाठीला नुसता गोंद आहे, शिवण नाही. आपल्याकडच्या लूमध्ये, उन्हाळ्यातल्या त्या गरम वाऱ्यात, हा गोंद सुकून तडकतो आणि पानं सुटतात. पहिल्या दिवशी पुस्तक टेबलावर उभं धरून पुढची पाच-सात पानं दाबून उघडायची, मग मागची पाच-सात, असं आळीपाळीने मध्यापर्यंत यायचं. एकदम मधोमध उताणं करू नका. कूलरसमोरच्या फळीवर तर ठेवूच नका, दमट हवेने पानं फुगतात.

बाबा, एक काम तुमच्याकडे. राणीच्या मृत्यूची तारीख कुणी १७ जून १८५८ देतं, कुणी १८. फुलबागेजवळच्या समाधीपाशी सकाळी फिरायला जाता, तेव्हा तिथे काय कोरलं आहे ते बघून कळवा. माझ्या प्रतीत त्या पानाच्या समासात जागा ठेवली आहे.

तुमची,
सुमा